काचबिंदू : प्रेशर नॉर्मल, तरी नजर उतरते, डोळ्यातला रक्तप्रवाह मोजतात कसा?

काचबिंदूच्या रुग्णाची फाईल उघडली की सगळ्यांची नजर आधी एका आकड्यावर जाते, तो म्हणजे डोळ्याचं प्रेशर. १४, १६, १८. आकडा २१ च्या आत असला की घरची माणसं निर्धास्त होतात. थेंब चालू ठेवायचे, सहा महिन्यांनी परत दाखवायचं, विषय संपला. पण काही जणांच्या बाबतीत विषय संपत नाही. थेंब वेळेवर घातलेले असतात, प्रेशर दर खेपेला नॉर्मल येतं आणि तरीही फील्ड टेस्टचा नवा कागद जुन्या कागदाशेजारी ठेवला की काळा भाग वाढलेला दिसतो. मग रुग्ण विचारतो, प्रेशर बरोबर आहे तर नजर कशाने चालली?

या प्रश्नाचं एक उत्तर डोळ्याला मिळणाऱ्या रक्ताशी जोडलेलं आहे. ते रक्त किती येतं, कोणत्या वेगाने येतं आणि गरजेच्या वेळी कमी पडतं का, हे मोजण्याचे प्रयत्न गेली साठेक वर्षं चालू आहेत. अलीकडे शहरांतल्या नेत्र रुग्णालयांत ‘ओसीटी अँजिओ’ नावाची तपासणी सुचवली जाऊ लागल्यामुळे हा विषय प्रयोगशाळेतून थेट रुग्णाच्या खिशापर्यंत आला आहे. म्हणूनच ही मापं नेमकी काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे समजून घेणं गरजेचं झालं आहे.

प्रेशर ही अर्धीच गोष्ट

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची आपल्याकडे सर्रास गल्लत होते. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदललं की दिसायला लागतं. काचबिंदूत बिघाड मागे असतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, हळूहळू झिजते. या नसेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. त्यातला जो तंतू गेला तो गेला, परत येत नाही. सुरुवात बहुधा कडेच्या नजरेपासून होते. समोरचं स्पष्ट दिसत असल्यामुळे माणूस पेपर वाचतो, गाडी चालवतो आणि आपल्याला काही झालंय याची त्याला खबरच नसते. भारतात गावोगाव झालेल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू सापडलेल्यांपैकी बहुतेकांना तपासणी होईपर्यंत आजाराची कल्पना नव्हती, असंच पुन्हा पुन्हा आढळलं आहे. नागपूर परिसरातल्या खेड्यांमध्ये २००६ ते २००८ या काळात तीस वर्षांवरच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले गेले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या काचबिंदूची बरीचशी माहिती या पाहणीतून मिळाली.

डोळ्यात सतत एक पाण्यासारखा द्रव तयार होत असतो आणि बाहेर जात असतो. बाहेर जाण्याची वाट अडली की आतला दाब चढतो. १० ते २१ मिलिमीटर पारा हा सर्वसाधारण दाब धरतात. मात्र २१ ही काही लक्ष्मणरेषा नाही. जपानमधल्या ताजिमी शहरात २०००-०१ साली झालेल्या पाहणीत उघड्या कोनाच्या काचबिंदूचे जे रुग्ण सापडले, त्यातल्या ९२ टक्क्यांचा दाब २१ किंवा त्याहून कमी होता. अशा प्रकाराला नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा म्हणतात. उलट बाजूही आहे. कित्येकांचं प्रेशर २४-२५ असूनही त्यांची नस वर्षानुवर्षं शाबूत राहते.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. नॉर्मल प्रेशरच्या काचबिंदूतही दाब उतरवण्याचा उपयोग होतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा रुग्णांचा दाब आणखी ३० टक्क्यांनी खाली आणला. उपचार दिलेल्या डोळ्यांपैकी १२ टक्के डोळ्यांत आजार पुढे सरकला, उपचाराविना ठेवलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. म्हणजे थेंबांनी काम केलं. पण त्या १२ टक्क्यांचं काय? दाब उतरूनही त्यांची नस झिजत राहिली. रक्तप्रवाहाचा शोध सुरू होतो तो इथून.

१८५८ पासूनचा वाद

हा वाद नवा नाही. हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत बघायचं उपकरण तयार केलं ते १८५१ च्या सुमारास. त्यामुळे जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा आणि नसेचं तोंड पहिल्यांदाच दिसायला लागलं. काचबिंदूत नसेच्या तोंडाशी खड्डा पडतो हेही तेव्हाच कळलं. १८५८ साली या खड्ड्याची दोन कारणं मांडली गेली. हाइनरिश म्युलर यांचं म्हणणं, दाबामुळे नस मागे ढकलली जाते आणि चिरडते. एडुआर्ड फॉन येगर यांचं म्हणणं, नसेला रक्त पुरत नाही म्हणून ती वाळते. पुढची शंभर वर्षं पारडं म्युलर यांच्या बाजूने झुकलेलं राहिलं, आणि त्याला एक साधं व्यावहारिक कारण होतं. दाब मोजता येत होता, रक्त मोजता येत नव्हतं. हान्स गोल्डमान यांचं दाब मोजायचं उपकरण १९५० च्या दशकात आलं आणि ते आजही जगभर प्रमाण मानलं जातं. रक्तप्रवाहाला असं एक सर्वमान्य उपकरण अजून मिळालेलं नाही.

डोळ्याला रक्त येतं कुठून?

डोळ्यातल्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, दोन बाजूंनी पुरवठा होतो. आतल्या थरांना मध्य रेटिना धमनी रक्त देते. ही धमनी नसेच्या मधूनच डोळ्यात शिरते. बाहेरच्या थरांना त्यांच्या मागे असलेल्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या दाट थराकडून प्राणवायू मिळतो. डोळ्यात येणाऱ्या रक्तापैकी चार-पंचमांशाहून जास्त रक्त या कोरॉइडमधून वाहतं, रेटिनाच्या वाट्याला त्यातलं थोडंसंच येतं. ही गोष्ट ध्यानात ठेवायची, कारण एखादं यंत्र ‘डोळ्याचा रक्तप्रवाह’ मोजतो म्हणतं तेव्हा ते प्रत्यक्षात कोरॉइडचा प्रवाह मोजत असण्याची शक्यता असते.

काचबिंदूत खरी अडचण होते ती नसेच्या तोंडाशी. तिथे तंतू चाळणीसारख्या एका जाळीतून वळून बाहेर पडतात. या जागेला रक्त पुरवतात त्या मागच्या बाजूच्या सिलिअरी धमन्या. पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले सोहन सिंग हायरे यांनी आयुष्यातली अनेक वर्षं याच धमन्यांवर घालवली. या धमन्यांची मांडणी माणसागणिक वेगळी असते आणि दोन धमन्यांच्या हद्दीवरचा पट्टा सगळ्यात कच्चा असतो, हे त्यांनी दाखवलं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतासारखा हा प्रकार. पाणी भरपूर असताना काही जाणवत नाही, पाणी कमी झालं की पहिला फटका टोकाला.

निरोगी डोळ्यात या टोकाला वाली असतो. बीपी वरखाली झालं तरी बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावून किंवा पसरून प्रवाह स्थिर ठेवतात. काही जणांच्यात ही यंत्रणा ढिली असते. बासेलचे योसेफ फ्लामर यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं आहे. थंडीत हातपाय गार पडणारे, बीपी मुळातच कमी असलेले, मायग्रेनचा त्रास असलेले लोक त्यात बरेच असतात. नसेच्या कडेला ज्वालेसारखा बारीक रक्तस्राव दिसणं हीसुद्धा धोक्याची खूण समजली जाते. तो काही आठवड्यांत विरून जातो, त्यामुळे तपासणीत नेमका सापडला तर नशीब.

कागद-पेन्सिलीने होणारं माप

सगळ्यात स्वस्त माप यंत्राशिवाय निघतं. त्याला परफ्युजन प्रेशर म्हणतात. रक्त डोळ्यात ढकलणारा जोर वजा डोळ्याचा उलटा दाब, असा साधा हिशेब आहे. आधी सरासरी बीपी काढायचं : खालच्या बीपीत, वरच्या आणि खालच्या बीपीमधल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. बसलेल्या माणसाचा डोळा हृदयापेक्षा उंचावर असतो, म्हणून त्या सरासरीचे दोन-तृतीयांश घ्यायचे आणि त्यातून डोळ्याचं प्रेशर वजा करायचं.

समजा बीपी १२० / ७५ आहे. फरक ४५, त्याचा तिसरा हिस्सा १५, सरासरी ९०, दोन-तृतीयांश ६०. डोळ्याचं प्रेशर १६ असेल तर उत्तर ४४. आता दुसऱ्या माणसाचं बीपी १०५ / ६० घेऊ. सरासरी ७५, दोन-तृतीयांश ५०, त्याच १६ प्रेशरला उत्तर ३४. आणि याच माणसाच्या डोळ्याचं प्रेशर २४ झालं तर फक्त २६. डोळ्याचा दाब तोच राहिला तरी बीपीमुळे चित्र किती बदलतं, ते यावरून दिसतं.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या पाहणीत, जिचे निष्कर्ष १९९५ साली आले, खालच्या बीपीतून डोळ्याचा दाब वजा केल्यावर ३० पेक्षा कमी उरणाऱ्यांमध्ये काचबिंदूचं प्रमाण ५० च्या वर असणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे सहापट निघालं. बार्बाडोस बेटावर आणि इटलीतही साधारण याच दिशेचे निष्कर्ष आले. एक टाच मात्र अभ्यासक मारतात. या हिशेबात डोळ्याचा दाब आधीच बसलेला आहे, त्यामुळे दोष बीपीचा किती आणि दाबाचा किती हे पुरतं वेगळं करता येत नाही.

रात्रीची गोष्ट

दवाखान्यात मोजलेलं बीपी दिवसाचं असतं. झोपेत बीपी १० ते २० टक्क्यांनी उतरतं, ते नैसर्गिकच आहे. त्याच वेळी आडवं झाल्यामुळे डोळ्याचं प्रेशर मात्र थोडं चढतं. म्हणजे पुरवठा कमी आणि विरोध जास्त, दोन्ही एकाच वेळी, आणि तेही माणूस झोपेत असताना. हायरे यांनी १९९४ साली चोवीस तास बीपी मोजून दाखवलं की, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या ज्या रुग्णांची नजर उतरत होती त्यांचं रात्रीचं बीपी जास्त खाली जात होतं.

आपल्याकडे साठीनंतर बीपीची गोळी नाही असं घर विरळाच. काहींना ती रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितलेली असते. काचबिंदूही असेल तर डोळ्याच्या डॉक्टरला या गोळीचं नाव आणि वेळ माहीत असलीच पाहिजे, आणि बीपीच्या डॉक्टरला काचबिंदू आहे हे माहीत असलं पाहिजे. बऱ्याचदा एक डॉक्टर गावात, दुसरा शहरात, आणि रुग्ण दोघांपैकी कोणालाच दुसऱ्याची फाईल दाखवत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करणं किंवा वेळ बदलणं मात्र घातक आहे. वाढलेल्या बीपीने पक्षाघात होतो आणि तो काही काचबिंदूची वाट बघत थांबत नाही. वेळ बदलायची की नाही, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. गरज वाटली तर चोवीस तासांचा बीपी मॉनिटर दंडाला बांधून घरी पाठवतात. रक्तप्रवाहाच्या महागड्या यंत्रांपेक्षा या साध्या पट्ट्यातून पुष्कळदा जास्त कामाची माहिती मिळते.

टिमोलोलचे थेंब हाही याच हिशेबातला भाग. हे औषध डोळ्यातून नाकात उतरून रक्तात मिसळतं आणि नाडी व बीपी कमी करू शकतं. दम्याच्या रुग्णाला ते चालत नाही. रात्री त्याने डोळ्याचा दाब फारसा उतरतही नाही, कारण झोपेत डोळ्यातला द्रव मुळात कमीच तयार होतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट दाबून धरलं तर औषध अंगात कमी जातं.

रंग टोचून काढलेला फोटो

आता यंत्रांकडे वळू. रेटिनातलं वाहतं रक्त फोटोत पकडण्याची पहिली कामाची पद्धत अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या नोव्होत्नी आणि आल्व्हिस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शोधली. हाताच्या शिरेत फ्लुरोसिन हा रंग टोचायचा आणि डोळ्यात निळा प्रकाश टाकून भराभर फोटो घ्यायचे. रंग दहा-पंधरा सेकंदांत रेटिनात पोचतो आणि पिवळट हिरवा चमकतो. डोळ्यांच्या नियतकालिकाने त्यांचा लेख नाकारला, तो १९६१ साली रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला. आज शुगरमुळे खराब झालेल्या रेटिनासाठी ही तपासणी गावोगावच्या रुग्णांना परिचित आहे. ‘लघवी पिवळी होईल, घाबरू नका’ असं ज्यात आधीच सांगतात, ती हीच.

धमनीत रंग दिसल्यापासून तो शिरेत येईपर्यंत किती वेळ लागला, यावरून प्रवाह मंद आहे का याचा अंदाज येतो. काचबिंदूच्या काही रुग्णांत हा वेळ लांबलेला आढळला आहे. पण दर खेपेला सुई, मळमळ आणि क्वचित होणारी ॲलर्जी यामुळे काचबिंदूवर वर्षानुवर्षं नजर ठेवण्यासाठी ही पद्धत सोयीची नाही.

सोनोग्राफीचा डॉप्लर

गरोदरपणात बाळाच्या नाळेचा डॉप्लर करतात, तसाच डोळ्याचाही होतो. मिटलेल्या पापणीवर जेल लावून प्रोब हलकेच टेकवायचा. डोळ्यामागच्या मुख्य धमनीतला, मध्य रेटिना धमनीतला आणि सिलिअरी धमन्यांमधला रक्ताचा वेग पडद्यावर लाटांसारखा दिसतो. हृदयाच्या ठोक्याला वेग सर्वांत जास्त, दोन ठोक्यांच्या मध्ये सर्वांत कमी. जास्तीतून कमी वजा करून जास्तीने भागलं की रेझिस्टिव्ह इंडेक्स मिळतो. वेग सेकंदाला १० आणि ३ सेंटिमीटर असेल तर इंडेक्स ०.७. तो चढला तर पुढच्या बारीक वाहिन्यांत अडथळा वाढला, असा अर्थ लावतात. काचबिंदूत तो सरासरीने जास्त आणि वेग कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

मेख अशी की हा वेग आहे, प्रमाण नव्हे. नळातून पाणी किती येतं हे सांगायला वेगाबरोबर नळाची जाडीही लागते. मध्य रेटिना धमनीची जाडी मिलिमीटरच्या एक-षष्ठांशाच्या आसपास असते, सोनोग्राफीला ती नीट मोजता येत नाही. शिवाय प्रोब जोरात दाबला तर डोळ्याचा दाब वाढून आकडाच बदलतो. करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून.

हवेच्या दाबाने चालणारं आणखी एक उपकरण मध्यंतरी बरंच गाजलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला डोळ्यात रक्ताची एक लाट शिरते आणि डोळ्याचा दाब किंचित उसळतो. त्या उसळीवरून प्रवाह काढायचा. कल्पना नामी, पण बुबुळाची आणि डोळ्याच्या कवचाची ताठरता सगळ्यांची सारखी असं त्यात धरावं लागतं, आणि मोजला जातो तो मुख्यतः कोरॉइडचा ठोक्यागणिक बदलणारा भाग.

लेझर आणि आकाश

१९७२ साली चार्ल्स रिव्हा आणि सहकाऱ्यांनी रेटिनाच्या धमनीतल्या रक्ताचा वेग लेझरने मोजून दाखवला. धावणाऱ्या रक्तपेशीवरून परतलेल्या प्रकाशाची लय किंचित बदलते. गाडी जवळ येताना हॉर्नचा सूर वेगळा लागतो, तेच तत्त्व. रिव्हा यांनीच पेट्रिग यांच्यासोबत १९८० साली आणखी एक गमतीदार पद्धत मांडली, जिची चुणूक कोणालाही घरबसल्या बघता येते. निरभ्र निळ्या आकाशाकडे, सूर्य टाळून, थोडा वेळ टक लावून बघितलं तर बारीक चमकते ठिपके वळणावळणाने पळताना दिसतात. ते तरंगणारे काळे धागे वेगळे. हे ठिपके म्हणजे रेटिनाच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशी. तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषतात, पांढऱ्या त्याला वाट देतात. नाडीच्या ठोक्याबरोबर त्यांचा वेग कमीजास्त होतो. यंत्रात रुग्णाने पडद्यावरच्या ठिपक्यांचा वेग आपल्याला दिसणाऱ्या ठिपक्यांशी जुळवून द्यायचा असे. रुग्णाच्या सांगण्यावर सगळी भिस्त, म्हणून ती पद्धत दवाखान्यापर्यंत आलीच नाही.

जपानमध्ये मात्र लेझरची एक पद्धत रुजली, ती लेझर स्पेकल. लेझर पडला की पृष्ठभागावर कणीदार नक्षी उमटते आणि खालून रक्त वाहत असेल तर ती नक्षी पुसट होते. किती पुसट झाली यावरून प्रवाहाचा अंदाज घेतात. चार सेकंदांत तपासणी होते आणि त्याच व्यक्तीच्या आजच्या व सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्यांची तुलना चांगली करता येते. पण हा आकडा मिलिलिटरमध्ये नसतो, यंत्राच्या स्वतःच्या एककात असतो.

ओसीटी अँजिओ : सुई नाही, रंग नाही

ओसीटी हे नाव आता बहुतेक रुग्णांच्या तोंडी आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत पुढे आलेल्या या तंत्राने प्रकाशाच्या साहाय्याने रेटिनाचे थर मायक्रॉनमध्ये मोजता आले. २०१२ मध्ये पोर्टलंडमधल्या संशोधकांनी त्याच्याच आधारे रक्तवाहिन्या दाखवणारी चांगली पद्धत प्रसिद्ध केली. एकाच जागेचे लागोपाठ, काही मिलिसेकंदांच्या अंतराने, छेद घ्यायचे. स्थिर पेशी सगळ्या छेदांत सारख्याच दिसतात. जिथे फरक पडला तिथे काहीतरी हललं, आणि पडद्यात हलणारी चीज म्हणजे रक्त. अशा सगळ्या फरकांचा नकाशा काढला की केशवाहिन्यांचं जाळं कोळ्याच्या जाळ्यासारखं डोळ्यांसमोर येतं. त्या भागातला किती टक्के हिस्सा वाहत्या वाहिन्यांनी भरला आहे, तो आकडा म्हणजे व्हेसल डेन्सिटी.

काचबिंदूत नसेभोवतीची ही घनता कमी होते आणि ज्या बाजूचे तंतू गेले, बहुधा त्याच बाजूची जाळी विरळ दिसते. फील्ड टेस्टमध्ये अजून शाबूत असलेल्या अर्ध्या भागातही घनता उतरलेली काही अभ्यासांत आढळली. त्यामुळे ही सुरुवातीची खूण ठरेल अशी आशा निर्माण झाली. आजार फार पुढे गेलेला असताना साध्या ओसीटीत तंतूंच्या थराची जाडी एका मर्यादेखाली जातच नाही आणि पुढची झीज मोजता येत नाही. अशा वेळी व्हेसल डेन्सिटी आणखी काही काळ उपयोगी पडते. हा या तपासणीचा सध्याचा सगळ्यात ठोस फायदा म्हणता येईल.

पण तिच्या नावातला अँजिओ हा शब्द थोडा फसवा आहे. ही तपासणी वाहिनी आहे का आणि तिच्यात रक्त हलतंय का, एवढंच सांगते. ते किती वेगाने आणि किती वाहतं, हे ती सांगत नाही. फार मंद प्रवाह असेल तर वाहिनी असूनही फोटोत येत नाही. डोळा हलला, पापणी मिटली, मोतीबिंदूमुळे सिग्नल कमकुवत आला की घनता खोटी कमी दिसते. एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी जुळत नाही, म्हणून गेल्या वर्षी एका शहरात आणि यंदा दुसऱ्या शहरात केलेले रिपोर्ट शेजारी ठेवून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

आधी कोण, कोंबडी की अंडं?

मुळातला पेच यंत्रांनी सुटलेला नाही. रक्त कमी पडलं म्हणून तंतू मेले, की तंतू मेल्यावर रक्ताची गरजच उरली नाही म्हणून वाहिन्या आटल्या? गाव ओस पडल्यावर एसटीच्या फेऱ्या कमी होतात, तसं. एका दिवशी काढलेल्या फोटोवरून हे ओळखता येत नाही. त्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं तपासून आधी काय बदललं ते पाहावं लागतं. असे अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे कौल दोन्हीकडे गेले आहेत. बऱ्याच तज्ज्ञांना आता वाटतं की म्युलर आणि फॉन येगर दोघेही थोडेथोडे बरोबर होते. जास्त दाबात चिरडण्याचा वाटा मोठा, कमी दाबात रक्ताचा.

जागतिक काचबिंदू संघटनेने २००९ साली याच विषयावर तज्ज्ञांचं एकमत ग्रंथरूपात प्रसिद्ध केलं. डोळ्याच्या सगळ्या भागांतला रक्तप्रवाह एकाच वेळी मोजणारं एकही तंत्र नाही, असं त्यात नमूद होतं. त्यानंतर ओसीटी अँजिओची भर पडली, तरी ते वाक्य खोडायची वेळ आलेली नाही.

उपचाराचंही तसंच. २०११ साली एका चाचणीत ब्रिमोनिडिन आणि टिमोलोल या थेंबांची तुलना झाली. दोन्हींनी दाब जवळपास सारखाच उतरवला. तरी नजर बिघडण्याचं प्रमाण ब्रिमोनिडिनवाल्यांत ९ टक्के, तर टिमोलोलवाल्यांत ३९ टक्के निघालं. फरक डोळ्यात भरणारा आहे, पण ब्रिमोनिडिन घेणाऱ्यांपैकी बरेच जण ॲलर्जीमुळे मध्येच गळाले. शिवाय हा फरक रक्तप्रवाहामुळे पडला की नसेला मिळालेल्या थेट संरक्षणामुळे, तेही त्यातून ठरलं नाही. दाब उतरवणं हाच आजही पक्का सिद्ध झालेला उपचार आहे. दर एक मिलिमीटर दाब उतरला की आजार पुढे जाण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो, असं स्वीडनमधल्या दीर्घ चाचणीत २००३ च्या सुमारास दिसलं.

मग तपासणी करायची का?

नव्याने निदान झालेल्या रुग्णाला प्रेशर, बुबुळाची जाडी, कोनाची तपासणी, फील्ड टेस्ट आणि साधी ओसीटी, एवढं आधी लागतं. रक्तप्रवाहाच्या तपासणीचा विचार त्यानंतरचा. प्रेशर आटोक्यात असून नजर उतरत असेल, एका डोळ्यात आजार जास्त का हे कळत नसेल, किंवा आजार शेवटच्या टप्प्यात असेल, तर ओसीटी अँजिओ किंवा डॉप्लर डॉक्टर सुचवू शकतात. पैसे भरण्याआधी एक प्रश्न बिनधास्त विचारावा : ‘रिपोर्ट कसाही आला तरी उपचारात काय बदल होईल?’ उत्तर ‘काही नाही’ असेल तर तेच पैसे पुढच्या फील्ड टेस्टसाठी राखून ठेवलेले बरे. आणि अशी तपासणी केलीच तर पुढच्या वेळी शक्यतो त्याच यंत्रावर करावी, रिपोर्टच्या प्रतीवर यंत्राचं नाव आणि सिग्नलचा आकडा आहे ना ते बघून घ्यावं.

रुग्णाने सोबत न्यायच्या गोष्टी मात्र फुकटात होतात. आठवडाभराचं सकाळ-संध्याकाळचं घरी मोजलेलं बीपी वहीत उतरवून न्यावं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं, घेण्याच्या वेळेसह. पहाटे उठल्यावर चक्कर येते का, रात्री जोराने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं होतं का, हातपाय गार पडतात का, मायग्रेन आहे का, हे न विचारता सांगावं. घोरण्याचा डोळ्याशी काय संबंध, असं वाटेल, पण झोपेत श्वास थांबण्याच्या आजारात रक्तातला प्राणवायू घसरतो आणि नसेला तो कमी पडू शकतो.

योगासनं करणाऱ्यांनी शीर्षासनाबद्दलही डॉक्टरांना सांगावं. डोकं खाली असताना डोळ्याचं प्रेशर साधारण दुप्पट होतं, हे चेन्नईतल्या संशोधकांनी नियमित शीर्षासन करणाऱ्यांचे डोळे मोजून २००६ साली दाखवलं. सूर्यनमस्कार बंद करा असं कोणी म्हणत नाही. पण नस आधीच झिजलेली असेल तर उलटं होऊन थांबण्याची आसनं टाळायला सांगतात, आणि चालण्याचा व्यायाम जरूर करायला सांगतात.

घरातल्या भावाबहिणींचा विषय तपासणीच्या खोलीत हटकून राहून जातो. सख्ख्या नात्यात काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर प्रत्येकाने नसेची तपासणी करून घ्यावी, आणि ती करताना डॉक्टरांना ‘प्रेशर बघा’ एवढंच न सांगता ‘नस बघा’ असंही सांगावं.